कातळाचा कल

नाईस जातीच्या खडकात पाणी शोधायचं तर आधी त्यातल्या पट्ट्यांची दिशा बघावी लागते. हा खडक एकजिनसी नसतो. अभ्रकाने चमकणारे काळे पट्टे आणि पांढरट-गुलाबी पट्टे एकमेकांना चिकटून लांबच लांब पळत असतात. कुठे ते उभे असतात, कुठे एका बाजूला कललेले, कुठे दुमडलेले. काळा पट्टा आधी कुजतो. त्याचा मुरूम होतो आणि पाणी त्या मुरमात, त्याखालच्या भेगांत साठतं. मलावीत मी भूजलाचं काम केलं त्या सगळ्या काळात माझ्या वहीत प्रत्येक गावाच्या पानावर पहिली नोंद हीच असे: पट्ट्यांची दिशा, त्यांचा कल, मग बाकीचं. ही नोंद मी पाण्यासाठी घेत होते. तीच नोंद एका खंडाच्या तुटण्याची गोष्ट सांगते, हे मला त्या कामाने शिकवलं.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली. नोकरीची सुरुवातीची वर्षं मात्र मराठवाड्यात गेली, बसाल्टवर. तिथे सगळा हिशेब आडवा असतो. एकावर एक लाव्हाचे थर, मध्ये लाल मातीची पट्टी, वरचा मुरूम आणि खालचा टणक कातळ. बसाल्टच्या खाली काय आहे हे तिथे कुणी विचारत नाही, कारण शेतकऱ्याची विहीर तितकी खोल जात नाही. तो प्रश्न 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने विचारला. सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्या प्रदेशाला भूगोलाच्या पुस्तकांत स्थिर पठार म्हणत होते, तोच हलला. पुढे तिथे खोल छिद्र घेतलं तेव्हा साधारण 340 मीटरवर बसाल्ट संपला आणि त्याखाली जुना नाईस लागला. भूकंपाचं मूळ त्या खाली दडलेल्या खडकात होतं. मी तेव्हा शाळेत होते, पण भूशास्त्राकडे वळले त्यामागे ती पहाट आहे.

म्हणून मलावीतल्या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या एका प्रकल्पावर जायची संधी आली तेव्हा फार विचार करावा लागला नाही. आपल्याकडे जो खडक लाव्हाच्या पांघरुणाखाली झाकलेला आहे, तसाच खडक तिथे उघडा पडलेला आहे. शिवाय तिथली जमीन आजही ओढली जाते आहे. आफ्रिका खंड पूर्वेच्या बाजूला फाटतो आहे. इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत खचदऱ्यांची रांग पसरली आहे आणि मलावी हा देश त्या रांगेच्या दक्षिण टोकाच्या एका खचदरीत आणि तिच्या काठांवर वसलेला आहे. देशाचं मोठं सरोवर म्हणजे त्या दरीत साठलेलं पाणी. लांबी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, खोली सुमारे 700 मीटर. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या वर पावणेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटरहून अधिक खाली गेला आहे. तळाशी साचलेला गाळ काही किलोमीटर जाड आहे. ही सगळी खोली वर्षाला फार तर दोन-तीन मिलिमीटर इतक्या संथ ओढीने तयार झाली.

ओढ आजची आहे, पण फाटायचं कुठून हे आजची ओढ ठरवत नाही. पूर्व आफ्रिकेचा भूशास्त्रीय नकाशा पुढे ठेवला की हे लगेच दिसतं. टांझानियाच्या मधोमध अडीचशे कोटी वर्षांहून जुना, थंड, जाड आणि कणखर असा भूखंडाचा तुकडा आहे. उत्तरेकडून येणारी खचदरी त्याच्याजवळ पोचली की दोन फाटे होतात. एक फाटा केनियातून त्याच्या पूर्वेने उतरतो, दुसरा टांगानिका सरोवर धरून पश्चिमेने. मधल्या तुकड्याला भेग पडत नाही. दोन्ही फाटे ज्या पट्ट्यांतून गेले आहेत ते पट्टे म्हणजे प्राचीन काळी खंडाचे तुकडे एकमेकांवर आदळून जुळले त्या जागा. पश्चिमेचा पट्टा सुमारे 180 ते 200 कोटी वर्षांपूर्वीचा, पूर्वेचा सुमारे 60 कोटी वर्षांपूर्वीचा. मी शाळेतल्या मुलांना हे सांगताना गोधडीचं उदाहरण देते. जुन्या लुगड्यांचे जाड तुकडे जोडून शिवलेली गोधडी दोन बाजूंनी ओढली तर तुकडा फाटत नाही, शिवण उसवते.

ही कल्पना नवी नाही. जॉन वॉल्टर ग्रेगरी 1893 मध्ये केनियाच्या दरीत उतरले आणि त्यांनी या दऱ्या नदीने कोरलेल्या नसून जमीन खचून झाल्या आहेत हे मांडलं. त्यानंतर अनेकांनी जुन्या पट्ट्यांशी असलेलं नातं दाखवलं. मॅककॉनेल यांनी 1972 मध्ये सगळ्या पूर्व आफ्रिकेसाठी ते सविस्तर मांडलं. पण माझं मन ज्यांच्याकडे ओढ घेतं ते फ्रँक डिक्सी. मलावी तेव्हा न्यासालँड होता. डिक्सी तिथल्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे संचालक होते. त्यांनी 1931 मध्ये पाणीपुरवठ्यावर एक व्यवहारोपयोगी पुस्तक लिहिलं, उत्तरेत डायनोसॉरची हाडं खणून काढली आणि आयुष्यभर खचदऱ्यांवर लिहीत राहिले. ज्या माणसाने गावोगावी विहिरींच्या जागा पाहिल्या, त्यालाच खचदरीचं कोडं इतकं जवळचं वाटावं, यात मला नवल वाटत नाही. विहिरीची जागा शोधताना जमिनीकडे जसं बारकाईने बघावं लागतं, तसं दुसऱ्या फार थोड्या कामांत लागतं.

आता मताकाताकाच्या पायरीविषयी सांगते, कारण माझी सगळी समजूत तिथे घडली आणि तिथेच थोडी बदललीही.

सलीमाहून बलाकाकडे दक्षिणेला जाणारा रस्ता खचदरीच्या तळातून जातो. पश्चिमेला डेडझाच्या बाजूचा उंच कडा सोबत असतो. त्या कड्याच्या पायथ्याशी जमिनीत एक पायरी आहे. कुठे दोन माणसांच्या उंचीची, कुठे चार-पाच माणसांच्या. ती शेतांतून, ओढ्यांतून, गावांच्या मागून जाते आणि थोडी थोडकी नाही, शंभर किलोमीटरहून अधिक जाते. भूशास्त्रज्ञ तिला बिलिला-मताकाताका विभंग म्हणतात. पश्चिमेची बाजू वर राहिली, पूर्वेची खाली गेली. इतका लांब, इतका ठळक आणि इतका ताजा विभंग जमिनीवर पायी चालत बघायला मिळणं दुर्मीळ आहे. जॅक्सन आणि ब्लेन्किन्सॉप या दोघांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा ही अख्खी पायरी एकाच प्रचंड भूकंपात उठली असावी अशी शक्यता त्यांनी मांडली होती. नंतरच्या संशोधकांनी उपग्रहांच्या चित्रांवरून पायरीची उंची जागोजाग मोजली. त्यांना ती अनेक भागांत तुटलेली आणि एकापेक्षा जास्त वेळा हललेली दिसली.

आमचं काम त्या पायरीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत होतं. पाण्याच्या दृष्टीने ती पायरी म्हणजे दोन देशांची सीमाच. खालच्या बाजूला कड्यावरून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांचा जाड थर, तिथे बोअरला पाणी लागतंच. वरच्या बाजूला नाईसचा कातळ जवळजवळ उघडा. मुरूम जेमतेम, पावसाचं पाणी टिकत नाही. आणि वस्ती, ओढ्याच्या पुराला भिऊन, बरेचदा वरच्या बाजूला.

अशाच एका गावच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. मलावीच्या या भागात बायका गावप्रमुख असणं नवं नाही. त्यांचा आग्रह होता की बोअर वरच, घरांजवळ मारावी. पाणी बायकांनाच भरायचं होतं आणि ओझं घेऊन पायरी चढायची होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी इलेक्ट्रोड लावून विद्युतरोधाच्या ओळी घेतल्या. आमच्या रिगवरचे मुख्य ड्रिलर वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे बाम्बो म्हणत असे. ते म्हणाले, “मॅडम, यंत्राचं राहू द्या. खडक कुठे कललाय ते आधी दाखवा.”

ओढ्याच्या पात्रात कातळ उघडा होता. पट्टे पायरीला समांतर पळत होते आणि पूर्वेकडे, म्हणजे दरीच्या बाजूला, कलले होते. एक रुंद काळा पट्टा घरांच्या मागून जात होता. त्याच्या कलाचा हिशेब केला तर चाळीस-पन्नास मीटर खोलीवर तो घरांच्या पूर्वेला, पायरीच्या थोडा अलीकडे सापडायला हवा होता. आम्ही तिथे बोअर मारली. कुजलेला, अभ्रकाने चकाकणारा चुरा वर येऊ लागला तेव्हा बाम्बोंनी मूठभर हातात घेऊन गावप्रमुखांना दाखवला. पाणी पुरेसं लागलं. घरांपासून जागा थोडी लांब होती, पण पायरीच्या वरच्या बाजूला होती. त्यावर पुढे अफ्रिदेव्ह जातीचा हापसा बसला. मलावीत हाच चालतो. शेजारच्या अनेक देशांत इंडिया मार्क टू दिसतो आणि त्याची वंशावळ जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातून तयार झालेल्या पोलादी पंपांपर्यंत जाते. मराठवाड्यातून आलेल्या मला त्याचा खूप अभिमान वाटतो. मी तो तिथे सांगतही असे.

त्या दिवशी मला वाटलं, कोडं सुटलं. खडकाचे पट्टे दरीकडे कललेले, पायरी त्यांना समांतर, म्हणजे विभंग सरळ पट्ट्यांवरून घसरला. जुना खडक वाट दाखवतो आणि नवी भेग त्या वाटेने जाते. बऱ्याच अंतरापर्यंत हे खरंही आहे. पण पुढच्या मोसमात आम्ही दक्षिणेकडे सरकलो तेव्हा वेगळं दिसू लागलं. पट्ट्यांची दिशा बदलली, पायरीची बदलली नाही. काही ठिकाणी पायरी पट्ट्यांना आडवी कापत निघाली होती, जणू त्यांची तिला पर्वाच नव्हती. कासिंजे गावाच्या पुढे तर ती तुटक, ठेंगणी झाली आणि बऱ्याच अंतराने पुन्हा नीट उभी राहिली.

याच विभंगावर काम करणाऱ्या संशोधकांनी 2018 मध्ये यावर एक विचार मांडला आणि माझ्या वहीतल्या नोंदींशी तो जुळतो म्हणून मला पटतो. भूपृष्ठावर दिसणारे पट्टे सोयीचे असले, म्हणजे आजच्या ओढीच्या संदर्भात योग्य दिशेला आणि योग्य कलात असले, तर भेग ते वापरते. नसले तर ती नवा खडक फोडते. मग इतकी लांब पायरी एका दिशेला टिकून राहते ती कशामुळे? तर खाली, कित्येक किलोमीटर खोलीवर, एखादी जुनी, मोठी, कमकुवत पट्टी असली पाहिजे आणि मुख्य सूत्र तिच्या हाती असलं पाहिजे. वर आपल्याला दिसतं ते त्या खोलवरच्या हालचालीला पृष्ठभागाने दिलेलं स्थानिक उत्तर. कुठे समांतर, कुठे आडवं, कुठे तुटक.

मलावीच्या दक्षिण भागात ज्वालामुखी जवळजवळ नाहीत, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. इथिओपियात वर येणारा वितळलेला खडक कवचाला आतून मऊ करतो, फाटण्याचं बरंचसं काम तो करतो. मलावीत ती मदत नाही. कवच थंड आणि मजबूत आहे. इतकं की इथले काही भूकंप 30 किलोमीटर खोलीवर होतात, जिथे बहुतेक खंडांत खडक तुटण्याऐवजी संथपणे वाहू लागतो. 10 मार्च 1989 रोजी सलीमाजवळ झालेला 6 पेक्षा मोठ्या परिमाणाचा भूकंप असाच खोल होता. अशा मजबूत कवचाला इतक्या थोड्या ओढीने फाटायचं तर आधीपासूनच्या कमकुवत जागा लागणारच. मला वाटतं, प्राचीन रचनांचा प्रभाव समजून घ्यायला मलावीइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही.

उत्तरेत हे वेगळ्या रूपात दिसतं. तिथे सरोवराच्या पूर्व काठावर, टांझानियाच्या बाजूला, लिव्हिंगस्टन पर्वतांचा कडा पाण्यातून सरळ उठतो. मुख्य विभंग तो. पश्चिमेचा काठ, जिथे करोंगा शहर आहे, तुलनेने सपाट. 1980 च्या दशकात रोझेनडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी सरोवरांच्या तळाखालचे थर तपासले आणि दाखवून दिलं की या दऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या खचत नाहीत. एक बाजू मोठ्या विभंगावर खोल जाते, दुसरी नुसती वाकते. पुढच्या टप्प्यात बाजू बदलते. म्हणून सरोवराच्या काठाने जाताना कडा कधी पूर्वेला, कधी पश्चिमेला भेटतो आणि त्याप्रमाणे शेतीची सपाट जमीनही बाजू बदलते.

या चित्रानुसार करोंगाची बाजू शांत असायला हवी होती. पण डिसेंबर 2009 मध्ये धक्के तिथे बसले. 6 तारखेला सुरुवात झाली आणि 19 तारखेला 6.0 परिमाणाचा सर्वांत मोठा धक्का आला. जमिनीला कित्येक किलोमीटर लांब भेगा पडल्या. सेंट मेरी नावाने ओळखला जाणारा हा विभंग आधी कुणाच्या धोक्याच्या यादीत ठळकपणे नव्हता. नंतर विमानातून घेतलेल्या चुंबकीय मोजमापांचे नकाशे नीट पाहिले गेले, तेव्हा करोंगाच्या खाली मुघेसे नावाचा एक प्राचीन कर्तनपट्टा, म्हणजे खडक एकमेकांवर घासत सरकले तो पट्टा, गेल्याचं आणि नवी भेग त्याच्याच रेघांना धरून असल्याचं दिसलं. तो पट्टा झांबियाच्या बाजूने येतो आणि मातीखाली, गाळाखाली गडप होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. चुंबकाला दिसतो.

मी करोंगाला गेले ती त्यानंतर काही वर्षांनी. भाजलेल्या विटा, मातीचा गिलावा, वर गवत किंवा पत्रा. घरांची बांधणी तशीच होती जशी भूकंपाआधी असणार. एका शाळेच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. ती बुजवून त्यावर रंग दिला होता. किल्लारीच्या दगड-मातीच्या जाड भिंती मला आठवल्या. त्या घरांनीच माणसं मारली. मला त्या शाळेत फार वेळ उभं राहवलं नाही.

करोंगाच्या पश्चिमेच्या डोंगरात डायनोसॉरची हाडं सापडली ती जागा आहे. डिक्सींनी खणून काढलेल्या त्या लांब मानेच्या प्राण्याचं नाव आज मलाविसॉरस डिक्सेयी आहे आणि त्याची प्रतिकृती शहराच्या संग्रहालयात उभी आहे. तो ज्या गाळात गाडला गेला तो गाळ आजच्या दरीचा नाही, त्याआधीच्या एका खचण्याचा आहे. त्याच्याही आधी, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, इथे आणखी एकदा जमीन खचली होती. त्या खोलगट भागांत जंगलं गाडली जाऊन कोळसा झाला. म्हणजे एकाच पट्ट्यावर तीन वेळा ओढ पडली आणि सगळ्यांत खाली अब्जावधी वर्षांची शिवण.

रुम्फी जिल्ह्यात त्या कोळशाच्या खाणीजवळ मी पहिल्यांदा गेले तेव्हा थबकले. राखाडी वाळूचा दगड, मध्ये काळी शेल, मग कोळशाचा थर. हा क्रम मी लहानपणापासून पाहत आले होते. बल्लारपूर, घुग्घुस, चंद्रपूरच्या खाणींत हाच क्रम आहे, आणि काळही साधारण तोच. तेव्हा भारत आणि आफ्रिका एकाच गोंडवन खंडाचे भाग होते. शेलमध्ये ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे दोन्हीकडे मिळतात. वर्धा, प्राणहिता, गोदावरीचं खोरंही त्या काळी खचलेली दरी आहे आणि तीही दोन प्राचीन भूखंडांच्या सांध्यावर, एका बाजूला धारवाड आणि दुसऱ्या बाजूला बस्तर. माझ्या वडिलांच्या पिढीला ज्या कोळशाने रोजगार दिला, तो तिथे साठला कारण जमीन जुन्या सांध्यावर खचली. हे मला चंद्रपुरात राहून कधी जाणवलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी फोन करून हे सांगितलं आणि आईने शांतपणे विचारलं, “मग तिकडचीही खाण धुळीची आहे का गं?” होती.

पण हा कोळशाचा पट्टा आणखी एक गोष्ट शिकवतो, आणि ती मला महत्त्वाची वाटते. टांझानियातलं रुहुहू आणि मोझांबिकमधलं मानियाम्बा ही दोन्ही खोरी त्या जुन्या खचण्याची. ती ईशान्य-नैऋत्य दिशेने पसरलेली आहेत आणि आजचं सरोवर त्यांना कापून पलीकडे जातं. म्हणजे जुनी जखम आहे म्हणून ती उघडेलच असं नाही. तिची दिशा आजच्या ओढीला सोयीची नसेल तर ती तशीच पडून राहते आणि नवी दरी तिच्यावरून निघून जाते. जुन्या रचनांविषयी बोलताना लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, सगळं आधीच ठरलेलं होतं. दुसरा म्हणतो, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा आज काय संबंध. शेतात उभं राहून पट्ट्यांची दिशा मोजणाऱ्याला दोन्ही पटत नाहीत. प्रत्येक पट्ट्याला वेगळं विचारावं लागतं: तू किती कमकुवत आहेस, कुठल्या दिशेला आहेस, कुठे कललेला आहेस.

जमिनीच्या रूपावर याचा परिणाम किती दूरवर जातो हे शिरे नदीच्या काठाने उतरताना कळतं. ही नदी सरोवराचं एकमेव बाहेर जाणारं पाणी. वरच्या खोऱ्यात ती सुस्त, पाणघोड्यांची. खालच्या खोऱ्यात पुन्हा सुस्त, दलदलींची. मधल्या सुमारे 80 किलोमीटरांत मात्र ती साधारण 380 मीटर उतरते, धबधब्यांमागून धबधबे घेत. लिव्हिंगस्टन यांची नौका याच धबधब्यांपाशी अडली होती. कारण असं की वरची दरी आणि खालची दरी एका रेषेत नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या काळच्या, वेगवेगळ्या विभंगांच्या. मध्ये न खचलेला कठीण नाईसचा उंचवटा राहिला आणि नदीला तो ओलांडावा लागतो. त्याच उतारावर एन्कुला, टेडझानी आणि कापिचिरा ही जलविद्युत केंद्रं आहेत आणि देशाची बहुतेक वीज तिथून येते. जानेवारी 2022 मध्ये आना वादळाच्या पुराने कापिचिराचं धरण फोडलं तेव्हा आमच्या लिलाँग्वेच्या कार्यालयात किती दिवस अंधार होता! दोन खचदऱ्या एका ओळीत आल्या असत्या तर हा उतार नसता, ही वीज नसती आणि दक्षिणेला मोठं शहर ब्लँटायर जसं आहे तसं नसतं.

पाण्याच्या बाबतीत विभंगांची एक दुखरी बाजूही आहे. ज्या भेगा खोलवरून गोडं पाणी आणतात, त्याच कधी गरम आणि फ्लोराइड असलेलं पाणीही आणतात. न्खोटाकोटाला गरम झरे आहेत, लोक तिथे आंघोळ करतात, कपडे धुतात. कोकणातले उन्हवरे, तुरळ, राजवाडी, गणेशपुरी यांचे झरेही असेच एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात ओळीने आहेत आणि त्यामागेही खोल भेगाच आहेत. गरम झऱ्याच्या रेषेवर पिण्याच्या पाण्याची बोअर मारताना मी नेहमी थांबायला सांगायचे. आधी नमुना तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडसाठी दीड मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सुचवली आहे. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत मी मुलांचे पिवळे, खडबडीत झालेले दात पाहिले आहेत. मलावीत तेच दात पुन्हा पाहिले तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या तोंडात एकच खडक बोलतो आहे हे मला कळलं, आणि राग आला. हे टाळता येतं. विभंग कुठे आहे हे माहीत असलं की टाळता येतं.

मताकाताकाजवळच्या त्या गावप्रमुख बाई बोअरच्या उद्घाटनाला मला पायरीच्या कडेला घेऊन गेल्या. 1989 चा धक्का त्यांना चांगला आठवत होता. त्यांनी विचारलं, “ही पायरी पुन्हा हलेल का?” मी म्हटलं, “हलेल, आई. आपल्या हयातीत की हजार वर्षांनी, ते मला सांगता येत नाही. पण शाळेची नवी खोली हिच्यावर बांधू नका. आणि जिथे बांधाल तिथे भिंतींना वरून-खालून पट्टी घाला.” त्यांनी शाळेसाठी राखून ठेवलेली जागा दाखवली. ती पायरीच्या माथ्यावर होती, मोकळी, वारा लागणारी, बांधायला सोपी. त्यांनी तिथल्या तिथे गावकऱ्यांना बोलावून दुसरी जागा पाहायला सांगितली. या पायरीवर 7 परिमाणाच्या पुढचा भूकंप होऊ शकतो हे शास्त्रीय लेखांत छापलेलं आहे. गावातल्या बाईपर्यंत ते पोचायला एका हापशाचं निमित्त लागलं.

याबद्दल माझं ठाम म्हणणं आहे. मलावीत आणि आपल्याकडे महाराष्ट्रातही दरवर्षी हजारो बोअर मारल्या जातात. प्रत्येकीचा एक कागद असतो: खोली, केसिंग, पाण्याची पातळी, पाण्याचं प्रमाण. खडकाच्या पट्ट्यांची दिशा आणि कल याला त्या कागदावर रकाना नसतो. ओढ्यात उघडा पडलेला कातळ दहा मिनिटांत होकायंत्राने मोजता येतो, खर्च काही नाही. अशा हजारो नोंदी एकत्र केल्या तर दडलेले पट्टे, त्यांचं वाकणं, त्यांचं तुटणं हे विमानातून न उडताही बरंच समोर येईल. विदर्भात, सिंधुदुर्गात, जिथे जुना खडक उघडा आहे तिथे हे आजपासून करता येईल. किल्लारीसारख्या जागी वर बसाल्ट आहे, तिथे ते होणार नाही. तिथे चुंबकीय आणि गुरुत्वीय मोजमापंच लागतील. पण भोवतालच्या उघड्या खडकाची दिशा माहीत असेल तर त्या मोजमापांचा अर्थ लावणं सोपं जाईल.

आमच्या प्रकल्पात बाम्बोंनी स्वतःहून तो रकाना सुरू केला. कागदाच्या पाठीमागे ते पेन्सिलीने एक रेघ ओढत आणि तिच्यावर कलाचा बाण काढत. मी परतले त्यानंतर प्रकल्पाच्या नव्या छापील अर्जात तो रकाना पुढच्या बाजूला आला आहे. गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्या अर्जांच्या प्रती मला पाठवल्या गेल्या. कासिंजेच्या दक्षिणेला, जिथे पायरी तुटते त्या भागात, पट्टे ईशान्येकडे वळलेले दिसताहेत. ते वळण किती खोल जातं हे शोधायचं आहे.